भंडारदऱ्याची भिंत आणि तिच्या मागचें पाणी



भंडारदरा हें नांव कानीं पडलें, कीं शहरांतील कुटुंबांच्या डोळ्यांपुढें पावसाळ्यांतील एखादी रविवारची सहल उभी राहते. धुक्यानें अर्धा झांकलेला जलाशय, कड्यांवरून लोंबणारे पांढरे ओहळ, निखाऱ्यावर भाजलेलीं कणसें आणि परततांना मोटारींची लांबच लांब रांग. हें चित्र खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्याचा जन्म गोदाकांठच्या कोरड्या मुलखांत गेला आणि ज्यानें उभी हयात पोरांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत घालविली, अशा माझ्यासारख्या शाळामास्तराला त्या पाण्याकडे नुसतें पाणी म्हणून पाहतां येत नाहीं. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ सालापासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याच्या, गेल्या सवाशें वर्षांच्या सुखदुःखाचा मोठा वांटा त्या एका दगडी भिंतीनें अडवून धरलेला आहे. ती हकीकत आज आपणांस सांगावी, आणि सांगतां सांगतां त्या परिसरांतून आपणांस फिरवूनही आणावें, असा माझा विचार आहे.

माझें गांव पुणतांबा. गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेलें हें जुनें क्षेत्र आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्यांना पासष्ट ओव्यांचें पत्र लिहिलें त्या योगी चांगदेवांची समाधि येथें आहे. अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलेला घाट येथें आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरचें आमचें स्टेशन शिरडीच्या यात्रेकरूंना आतां ठाऊक झालें आहे, कारण शिरडीचा फांटा येथूनच निघतो. गांवांत देवळें पुष्कळ, घाट प्रशस्त, नदी थोर. पाऊस तेवढा बेताचा. सबंध वर्षांत वीस इंचांच्या आसपास, आणि तोही आपल्या लहरीनें. आतां याच जिल्ह्याचें पश्चिमेकडील टोंक पहा. अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर म्हणून लहानसें गांव आहे. तेथें पाऊस दोनशें इंचांच्या घरांत जातो. दोन्ही गांवांमधील अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. जिल्हा एक, कलेक्टर एक, वरचें आकाशही एकच; पण एका गांवीं लोक आषाढांत घराबाहेर पडूं शकत नाहींत, आणि दुसऱ्या गांवीं त्याच आषाढांत ढग नुसते तोंड दाखवून पूर्वेकडे निघून जातात. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रि चढतांनाच आपलें बहुतेक ओझें तेथें टाकून देतात, व पठारावर येईपर्यंत रिते होतात. हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची मोजदाद नाहीं.

आतां या विषमतेचा परिणाम काय होई तें ऐका. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनवर पडला तेव्हां नगर जिल्ह्यानें त्याचे फार मोठे तडाखे सोसले. माणसांना पोटास लावण्यासाठीं सरकारनें जीं कामें काढलीं, त्यांत दौंड-मनमाड लोहमार्गाचें मातीकाम होतें. १८७८ सालीं हा मार्ग सुरू झाला. आज ज्या रुळांवरून आपण सुखानें शिरडीस जातां, त्यांच्या खालचा भराव भुकेल्या माणसांनीं पाट्या वाहून घातलेला आहे. त्यानंतर वीस वर्षांनीं १८९६-९७ चा, आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला जुनीं माणसें छपन्नाचा दुष्काळ म्हणत, असे दोन घाले पडले. मग मात्र राज्यकर्त्यांना दुष्काळ हा कांहीं दैवी अपवाद नसून या प्रदेशाचा ठरलेला पाहुणा आहे, हें मान्य करावें लागलें. १९०१ सालीं सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानचें पाटबंधारे कमिशन नेमलें गेलें, व १९०३ सालीं त्याचा अहवाल बाहेर पडला.

दख्खनपुरता त्या काळचा विचार साधा होता, आणि म्हणूनच तो मला फार शहाणपणाचा वाटतो. पठारावर लहानमोठे तलाव बांधले, तर ज्या वर्षीं त्यांची खरी गरज त्याच वर्षीं ते कोरडे राहतात. कारण तलावही त्याच फसव्या पावसावर भरावयाचे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस मात्र दुष्काळी सालींही पुरता दगा देत नाहीं. तेव्हां पाणी तेथें, नदीच्या उगमाजवळ, सांठवावें; तें नदीच्याच पात्रांतून खालीं सोडावें, म्हणजे पन्नास-साठ मैलांचा कालवा निसर्गानें फुकट खणून दिलेला मिळतो; आणि जेथें मैदान लागतें तेथें नदीस आडवा बंधारा घालून दोन्ही अंगांनीं पाट काढावेत. प्रवरेवर सांठवण करावयाची भंडारदऱ्यास, आणि बंधारा संगमनेराच्या खालीं ओझरला. गोदावरीच्या खोऱ्यांत सांठवण दारणेवर, आणि बंधारा नांदूर-मधमेश्वरास. या दुसऱ्या योजनेचें पाणी आमच्या पुणतांब्याच्या शिवाराला मिळालें. दारणेचें काम १९०७ ते १९१६ च्या दरम्यान झालें. म्हणजे भंडारदरा आणि आमचा कालवा हीं एकाच दुष्काळाचीं लेकरें; चुलत भावंडेंच म्हणाना.

भंडारदऱ्याच्या भिंतीचें बांधकाम १९१० सालीं सुरू झालें आणि १९२६ सालीं संपलें. मध्यंतरीं एक महायुद्ध येऊन गेलें. १० डिसेंबर १९२६ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें उद्घाटन झालें, म्हणून तें विल्सन धरण. जलाशयास आर्थर हिल हें नांव मिळालें. माझे विद्यार्थी दरवर्षीं ‘ती टेकडी कोठें आहे’ असें विचारीत. आर्थर हिल हें एका इंजिनियराचें नांव होय, टेकडीचें नव्हे. भिंत सारी चुन्यांतील दगडी बांधकामाची. उंची २७० फूट, लांबी ५०७ मीटर, आणि पाणी मावतें ११,०३९ दशलक्ष घनफूट. त्या काळीं हिंदुस्थानांतील अत्यंत उंच धरणांत तिची गणना होई. गव्हर्नराचें नांव धरणास मिळालें, इंजिनियराचें तळ्यास मिळालें. ज्यांनीं सोळा वर्षें उन्हापावसांत दगड घडविले, वाहिले, रचले, त्यांचें नांव कोणत्याही नकाशावर नाहीं. तसेंच, ज्यांचीं भातखाचरें पाण्याखालीं गेलीं त्यांचेंही नाहीं. डोंगराळ मुलखांत सपाट आणि कसदार जमीन काय ती दरीच्या तळाशीं असते. आणि धरणाचें पाणी प्रथम तळच गिळतें. महादेव कोळी आणि ठाकर हे तेथले मूळ रहिवासी. त्यांच्या वांट्यास उतारावरची वरकस जमीन, नाचणी, वरई, हिरडा राहिला.

येथपर्यंतची गोष्ट दुष्काळनिवारणाची झाली. पुढें मात्र कथेला निराळेंच वळण लागलें. कालवे दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढले. पण शेतकरी प्रत्येक वर्षीं पाणी घेईना. पाऊस बरा झाला कीं ज्वारी-बाजरीला पाट नको, आणि पाऊस हुकला कीं सर्वांना एकदम पाहिजे. सरकारला तर खर्चाचें व्याज भरून निघावयास हवें होतें. बारमाही पाणी बारमाही पैसे देऊन कोण घेईल? तर ऊस. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्या वेळीं मुंबई इलाख्यांत नोकरीस होते. त्यांनीं नीरा कालव्यावर जी ब्लॉक पद्धत आंखून दिली, तिचा हेतु ऊस एका जागीं दाटूं नये, पाणी अनेक गांवांना वांटलें जावें, आणि उसाबरोबर हंगामी पिकेंही निघावीं असा होता. हेतु उत्तम होता. परंतु उसाची गोडी हेतूपेक्षां बळकट ठरली. १९१९ सालीं बेलापूर कंपनी स्थापन होऊन हरेगांवास तिचा साखर कारखाना उभा राहिला. आमच्याकडेही पुढें चांगदेवनगरास कारखाना निघाला. योग्याच्या नांवानें साखर निघूं लागली! कारखान्यांनीं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें घेतल्या, आणि कित्येक ठिकाणीं मूळ मालक आपल्याच शेतावर रोजानें कामास जाऊं लागला. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा झाल्यावर त्या जमिनी सरकारकडे गेल्या व १९६३ सालीं निघालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. त्या जमिनींची खंडकऱ्यांना परतफेड हा विषय एवढा लांब व कडू आहे कीं त्याला स्वतंत्र भाषण लागेल.

पाण्यानें आणखी एक उपद्व्याप केला. काळ्या जमिनींत पाणी देत गेलें आणि खालून निचरा झाला नाहीं, म्हणजे भूमीच्या पोटांतील क्षार वर चढतात. चांगली सोन्यासारखी शेतें पांढुरकीं, चोपण होऊन गेलीं. इंग्लिस नांवाच्या इंजिनियरानें या दुखण्याचा पुष्कळ अभ्यास केला आणि चर खणून निचरा करण्याचे उपाय सुचविले. परंतु जिराइतांतून नुकत्याच बागाइतदार झालेल्या माणसाला ‘पाणी कमी द्या’ असें सांगणें म्हणजे उपाशाला पथ्य सांगण्यासारखें आहे. आजही प्रवरेच्या व गोदावरीच्या दोन्ही पाटांखालीं अशीं पांढरीं पडलेलीं शेतें आपणांस रस्त्यावरून दिसतील.

पण या कथेंत एक उजळ पान आहे, आणि तें जगानें पाहिलें. प्रवरेच्या पाटावरील लोणी या गांवच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें, शेतकऱ्यांच्याच मालकीचा सहकारी साखर कारखाना काढला. १९५० सालीं तो चालूं झाला. गाडगीळांसारखा विद्वान् अध्यक्षपदीं आणि फारसें शिक्षण न झालेला शेतकरी त्यांच्या जोडीला, अशी ती जोडी. कंपनीला जमीन देऊन मजूर होण्याच्या जागीं, ऊसही आपला आणि चरकही आपला, ही कल्पना प्रथम येथें रुजली व मग सबंध महाराष्ट्रांत पसरली. भंडारदऱ्याच्या भिंतीमुळें जें जें घडलें त्यांत मी या गोष्टीला सर्वांत वरचें स्थान देईन. त्या सहकाराचें पुढें काय झालें याविषयीं मतें अनेक आहेत, आणि ज्येष्ठ माणसांनीं चहाच्या वेळीं बोलण्याचा तो विषय आहे.

तरी पाणी आलें म्हणजे सारें मिटलें असें नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी पोर होतों. कालव्याच्या एका अंगास हिरवा ऊस उभा, आणि दुसऱ्या अंगास जिराईत गांवांतील बायाबापड्या खडी फोडीत बसलेल्या, हा देखावा मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. मधें पाट होता आठ-दहा पावलांचा. आम्हां पोरांना सुकडी मिळे. ती गोड लागे, आणि तिचें कारण आम्हांला ठाऊक नसे. पुढें पंचेचाळीस वर्षांनीं, १ जून २०१७ रोजीं, महाराष्ट्रांत शेतकऱ्यांचा जो संप झाला त्याची हांक पुणतांब्यांतून, म्हणजे कालव्याखालच्या गांवांतूनच, निघाली होती. पाणी असूनही भाव नसेल तर काय, हा त्या वेळचा प्रश्न होता.

धरणाच्या आयुष्यांतील एक बिकट प्रसंग सांगून मग प्रवासास निघूं. १९६९ सालीं या दगडी भिंतीस तडे जाऊन गळती सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षांचें देखील वय झालें नव्हतें. खालीं अकोलें, संगमनेर, शेंकडों गांवें. मग भिंतीच्या बाहेरच्या अंगास भक्कम टेकू उभारून तिला आधार देण्यांत आला. आज आपण धरणाच्या पायथ्याशीं जाऊन वर पाहिलें तर भिंतीला पाठीवरून हात दिल्यासारखे ते टेकू दिसतात. बहुतेक प्रवासी तेथें उभे राहून छायाचित्रें काढतात आणि ते टेकू कशासाठीं हें विचारीत नाहींत.

आमच्या बाजूनें जावयाचें म्हणजे राहाता, लोणी, संगमनेर, अकोलें, राजूर असा मार्ग. मुंबईकरांना इगतपुरी-घोटीवरून जवळ पडतें. मी मुलांना एस्.टी.नें नेत असें, व मुद्दाम संगमनेरावरून नेत असें. कारण त्या मार्गानें गेलें म्हणजे पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध आपण वर वर चढत जातों, आणि जमिनीचा रंग, झाडें, घरांचीं छपरें कशीं पालटतात तें ध्यानांत येतें. संगमनेरापर्यंत ऊस आणि डाळिंब, अकोल्यापुढें भाताचीं खाचरें. अकोल्यास प्रवरेच्या कांठीं अगस्ति ऋषींचा आश्रम दाखवितात. राजूर ही आदिवासी मुलखाची जुनी बाजारपेठ. तेथील पेढे नांवाजलेले आहेत, आणि मुलांच्या भूगोलाच्या वहींत त्यांचा उल्लेख हटकून सांपडे.

राजुराच्या पुढें रंधा धबधबा लागतो. प्रवरा येथें सुमारें १७० फुटांवरून एका खोल घळींत कोसळते. जवळच घोरपडादेवीचें देऊळ आहे. श्रावणांत या ठिकाणीं उभें राहिलें तर समोरच्या माणसाचा शब्द ऐकूं येत नाहीं. पण वीज उत्पन्न करण्यासाठीं पाणी वेगळ्या वाटेनें नेऊं लागल्यापासून पावसाळा सरला कीं हा कडा बहुधा कोरडा असतो. तेव्हां उन्हाळ्यांत केवळ रंध्यासाठीं कोणी वांकडी वाट करूं नये. घळीच्या कडेला अपघात फार झाले आहेत, हेंही आईबापांना सांगून ठेवतों.

शेंडी हें धरणाजवळचें गांव. भिंतीच्या पायथ्याशीं, मोऱ्यांतून सोडलेलें पाणी एका गोलसर खडकावरून चहूंकडे पसरून पडतें, त्याला छत्री धबधबा म्हणतात. तेथून जलाशयाच्या कडेकडेनें रस्ता रतनवाडीस जातो, आणि या सबंध परिसरांत माझ्या आवडीची जागा तीच. तेथें अमृतेश्वराचें प्राचीन शिवालय आहे. शिलाहार राजा झंझ यानें नद्यांच्या उगमांशीं बारा शिवालयें बांधलीं, त्यांतील हें एक, अशी परंपरा आहे. हा झंझ काल्पनिक नव्हे. अल्-मसूदी नांवाचा अरब प्रवासी कोंकणकिनाऱ्यावर आला होता आणि इ.स. ९१६ च्या आपल्या वृत्तांतांत त्यानें या राजाचें नांव नोंदविलें आहे. कारागिरीवरून मात्र मंदिराचें आजचें रूप त्यानंतरचें असावें असें अभ्यासक मानतात. काळ्या दगडांतील कोरीव काम इतकें नाजूक आहे कीं पोरें प्रथमच आपण होऊन आवाज खालीं आणतात. पावसाळ्यांत गाभाऱ्यांतील पिंडी पाण्याखालीं जाते. बाजूस चौकोनी पुष्करिणी आहे, तिच्या भिंतींतील कोनाड्यांत मूर्ति आहेत. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनांतील अमृताची वांटणी हिच्याच कांठीं नेवाशास झाली, अशी कथा आहे. वांटणीवरून तेव्हांही भांडण झालें होतें, हें ध्यानांत ठेवा. पुढें उपयोगी पडेल.

मंदिरामागून वाट रतनगडावर चढते. चार दरवाजे, खडकांत खोदलेलीं टांकीं, आणि माथ्यावर आरपार वारा वाहणारें नेढें. नेढ्यांत बसलें म्हणजे एका बाजूस जलाशय आणि दुसऱ्या बाजूस कोंकणांतील दऱ्या दिसतात. रत्नाई, कळसूबाई आणि कात्राबाई या तिघी बहिणी होत्या असें तेथील माणसें सांगतात. कळसूबाईचें शिखर, म्हणजे महाराष्ट्राचा सर्वोच्च माथा, १६४६ मीटर उंच, याच परिसरांत आहे. बारी गांवाहून त्याची चढण लागते. कळसू नांवाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरीं कामास राहिली ती भांडीं घासणार नाहीं आणि केर काढणार नाहीं या अटीवर. एके दिवशीं तेंच काम सांगितलें तेव्हां ती रागानें डोंगरावर निघून गेली आणि परत आली नाहीं. ही कथा वर्गांत सांगितली कीं मुलींचे डोळे चमकत.

याच डोंगरांतला, देवगांवचा, राघोजी भांगरे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, किल्ल्यांची राखण करणाऱ्या कोळ्यांचे जुने हक्क आणि पगार इंग्रजांनीं काढून घेतले वा कमी केले, आणि त्याच सुमारास सावकारांच्या हातीं कागदाचें नवें हत्यार आलें. राघोजीचे वडील रामजी यांनींही बंड केलें होतें. १८४४-४५ च्या सुमारास राघोजीनें ठाणें, नाशिक, नगर या मुलखांत इंग्रजांना आणि सावकारांना सळो कीं पळो करून सोडलें. अखेर यात्रेकरूच्या वेषांत असतांना २ जानेवारी १८४८ रोजीं पंढरपुरास तो पकडला गेला, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्यास फांसावर चढला. १८५७ च्या नऊ वर्षें आधींची ही गोष्ट. क्रमिक पुस्तकांत त्याला पुरेशी जागा मिळाली नाहीं असें माझें मत आहे. म्हणून तळ्याच्या कांठावर बसवून मी ती मुलांना सांगत असें.

जलाशयाच्या वरच्या टोंकास घाटघर. तेथील कोंकणकड्यावरून खालचें कोंकण पाहावें. साम्रदची सांदण दरी ज्यांचे पाय तरणे आहेत त्यांनीं पावसाळा सोडून पाहावी. घाटघरास २००८ सालीं २५० मेगावॉटचें एक चमत्कारिक वीजघर सुरू झालें. वर एक तलाव, खालीं कोंकणांत दुसरा. विजेची मागणी कमी असते तेव्हां खालचें पाणी वर चढवावयाचें, आणि मागणी वाढली म्हणजे तेंच खालीं सोडून वीज करावयाची. पोरांनीं विचारलें, ‘गुरुजी, चढवायला जितकी लागते तितकी तरी परत मिळते का?’ मिळत नाहीं. पण भुकेच्या वेळची भाकरी आणि भरल्या पोटाची भाकरी यांची किंमत एक नसते, एवढें उत्तर त्यांना पटलें.

या रानाला १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणतात. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधीं, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्यावर काजव्यांचे थवे एका तालावर उजळतात आणि मावळतात. अलीकडे ते पाहण्यास एवढी झुंबड उडते कीं मोटारींच्या दिव्यांनीं काजवेच फिके पडतात. काजव्यांचें मीलन त्या लुकलुकण्यावर अवलंबून असतें. म्हणून जाल तर दिवे मालवून, पायीं आणि मुकाट्यानें जा.

एका सहलींत भिंतीवर उभें असतांना सातवींतल्या एका मुलीनें मला विचारलें होतें, ‘गुरुजी, हें पाणी आपल्या गांवाला येतें का?’ मीं सांगितलें, आपल्या शिवाराला दारणेचें येतें, हें श्रीरामपूर-राहुरीकडे जातें. ती म्हणाली, ‘मग या गांवाला कोणतें येतें?’ असें म्हणून तिनें समोरच्या उतारावरील वाडीकडे बोट दाखविलें. एप्रिल महिना होता. त्या वाडीतल्या बाया हंडे डोक्यावर घेऊन झऱ्याकडे उतरत होत्या. खालीं अकरा हजार दशलक्ष घनफुटांचें तळें, आणि वर हंडाभर पाण्यासाठीं पायपीट. पावसाळ्यांत दोनशें इंच घेणारीं हीं गांवें उन्हाळ्यांत तहानलेलीं राहतात, कारण कातळ पाणी धरीत नाहीं आणि तळें दुसऱ्यांचें आहे. त्या मुलीला मीं जें खरें तेंच सांगितलें: धरण बांधणारांनीं खालच्या शेतांचा हिशेब केला, वरच्या घरांचा केला नाहीं.

भंडारदऱ्याच्या खालीं निळवंडें येथें प्रवरेवर दुसरें धरण झालें. त्या प्रकल्पाची कल्पना १९७० सालची; त्यासाठींही जमिनी गेल्या त्या पुन्हा अकोले तालुक्याच्याच. कालव्याची वाट पाहणारीं गांवें मात्र खालचीं, संगमनेर-राहात्याकडील अवर्षणी पट्ट्यांतलीं. डाव्या कालव्याचें लोकार्पण झालें २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं. ज्यांनीं अर्ज केले त्यांच्या नातवांनीं पाणी पाहिलें.

आणि आतां वांटणीकडे येऊं. गोदावरीवर पैठणास जायकवाडीचें धरण झालें. १९७६ सालीं त्याचें उद्घाटन झालें. मराठवाड्याची शेती, औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, व जालना या शहरांचें पिणें त्यावर अवलंबून. वरच्या धरणांनीं पाणी अडविलें आणि पाऊस हुकला, कीं जायकवाडी रितें राहतें. २००५ च्या कायद्यानें समन्यायी वांटपाचें तत्त्व घातलें, आणि तेव्हांपासून तुटीच्या सालीं नगर-नाशिकच्या धरणांतून खालीं पाणी सोडण्यावरून रस्त्यावर व न्यायालयांत झगडे होत आले आहेत. २०२३ च्या अखेरीस सुमारें साडेआठ टी.एम.सी. पाणी सोडण्याचा आदेश निघाला, त्यांत प्रवरेचाही वांटा होता. त्या दिवसांत आमच्या गांवच्या पारावर मीं म्हटलें, कीं राजूरच्या वरची वाडी आपल्याविषयीं जें म्हणूं शकेल तेंच आज पैठण आपल्याविषयीं म्हणत आहे. मंडळींना तें रुचलें नाहीं. एक जुना विद्यार्थी मात्र म्हणाला, ‘गुरुजी, पैठणच्या खालींही कोणी असेलच.’

तेव्हां भंडारदऱ्याची सहल करावयाची तर ती दोन दिवसांची करावी असें मी सुचवीन. एक दिवस वर घालवावा. दुसऱ्या दिवशीं परततांना नेवाशाकडे वळावें आणि टोक्यास प्रवरासंगमावर थांबावें. तेथें प्रवरा गोदावरीस मिळते. आमच्या घाटावरून गेलेलें पाणी आणि रतनवाडीच्या देवळापासून निघालेलें पाणी तेथें एक होतें. आणि जायकवाडी भरलेली असली म्हणजे तिचा फुगवटा मागें हटत हटत त्या संगमापर्यंत येऊन पोंचलेला असतो. पात्र रुंद, पाणी संथ, कांठावर जुनीं दगडी देवळें. सूर्यास्ताच्या वेळीं तेथें फारशी गर्दी नसते.